प्रिन्स्टन जंक्शनची लोकसंख्या नेमकी किती मानावी?

प्रश्न — स्मरणिका_संपादन

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत आम्ही राहतो त्या परिसराची ओळख करून देणारा एक लेख द्यायचा आहे आणि तो माझ्याकडे आला आहे. न्यू जर्सीतील प्रिन्स्टन जंक्शनबद्दल माहिती गोळा करताना एका ठिकाणी २०१० ची लोकसंख्या २,४६५ दिसते, तर दुसरीकडे याच गावाचे वर्णन पंचवीस-तीस हजार वस्तीचे असे केलेले आढळते. काही जण तर ‘आम्ही प्रिन्स्टनमध्ये राहतो’ असेच सांगतात. यातले कोणते खरे धरावे? शिवाय गावाचा भूगोल थोडक्यात, पण वाचकाला नकाशा डोळ्यांपुढे उभा राहील असा कसा मांडता येईल? आपल्या परिसरात मराठी कुटुंबे किती आहेत, हा आकडाही मिळाल्यास हवा आहे.

उत्तर १ — नकाशावाचक

तुम्हाला मिळालेले दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त ते वेगवेगळ्या हद्दींचे आहेत. न्यू जर्सीत जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणत्या ना कोणत्या नगरपालिकेच्या हद्दीत येतो. राज्यात अशा ५६४ नगरपालिका आहेत आणि त्यांत प्रिन्स्टन जंक्शन नावाची एकही नाही. रेल्वे स्थानक व त्याच्या भोवतालची वस्ती मर्सर काउंटीतील (जिल्ह्यातील) वेस्ट विंडसर टाउनशिप या नगरपालिकेत आहे. जनगणना खात्याने केवळ मोजणीच्या सोयीसाठी त्या वस्तीभोवती एक रेषा आखली आहे, आणि २,४६५ हा त्या रेषेच्या आतला आकडा आहे. ही माणसे वेस्ट विंडसरच्या २०१० च्या २७,१६५ लोकांत आधीच मोजलेली असल्यामुळे दोन्ही आकड्यांची बेरीज करू नये.

तिसरी हद्द टपाल खात्याची आहे, आणि सर्वाधिक घोटाळा तीच करते. ०८५५० हा प्रिन्स्टन जंक्शनचा टपाल क्रमांक टाउनशिपच्या बऱ्याच मोठ्या भागाला लागू आहे. त्यामुळे स्थानकापासून दूर, जुन्या शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या वसाहतींतील लोकही पत्त्यात प्रिन्स्टन जंक्शन असेच लिहितात. उलट टाउनशिपच्या वायव्येकडील काही घरांचा पत्ता ‘प्रिन्स्टन, ०८५४०’ असा आहे, तरी तिथल्या रहिवाशांचे मतदान, मालमत्ता कर आणि मुलांच्या शाळा वेस्ट विंडसरकडेच येतात. खुद्द प्रिन्स्टन ही वेगळी नगरपालिका आहे. तिथल्या प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप या दोन वेगळ्या नगरपालिका १ जानेवारी २०१३ रोजी एकत्र झाल्या, म्हणून त्याआधीचे आकडे वापरताना दोहोंची बेरीज करावी लागते.

माझे स्पष्ट मत असे की लेख वेस्ट विंडसरवर लिहावा आणि प्रिन्स्टन जंक्शनचा उल्लेख त्यातील एक वस्ती म्हणून करावा. शाळा, रस्ते, वाचनालय आणि कर या सगळ्यांचा निर्णय जिथे होतो, तीच हद्द रहिवाशांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

उत्तर २ — कालव्याकाठी

भूगोलाची सुरुवात पाण्यापासून करावी, असे मी सुचवेन. सुमारे ६८ चौरस किलोमीटरची ही टाउनशिप जवळजवळ सपाट आहे, पण ती दोन खोऱ्यांमध्ये विभागलेली आहे. उत्तरेकडचे ओढे मिलस्टोन नदीला मिळतात आणि ते पाणी पुढे रॅरिटन नदीत जाते, तर दक्षिणेकडचे पाणी असनपिंक ओढ्यातून ट्रेंटनला डेलावेअर नदीत उतरते. वायव्य सीमेजवळून जाणारा डेलावेअर–रॅरिटन कालवा १८३४ मध्ये खुला झाला, आणि त्याने याच दोन नद्या जोडल्या. आज त्या कालव्यात मालवाहतूक नाही. काठच्या जुन्या वाटेवर लोक चालतात आणि सायकली चालवतात.

हा भूगोल फक्त पुस्तकी नाही. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी असनपिंकला पूर आला, ट्रेंटन स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले आणि आपल्याकडून त्या दिशेने जाणारी रेल्वे वाहतूक खंडित झाली. ओढ्यांकाठची पाणथळ जमीन बांधकामापासून मोकळी का ठेवावी, हे नव्याने राहायला आलेल्या वाचकांना या एका प्रसंगावरून नीट कळेल. मर्सर काउंटी पार्कचा मोठा भाग आणि त्यातील तलावही याच असनपिंकच्या खोऱ्यात आहे.

शेजार सांगायचा तर ईशान्येला प्लेन्सबरो, पूर्वेला ईस्ट विंडसर, आग्नेयेला रॉबिन्सविल, नैर्ऋत्येला हॅमिल्टन, पश्चिमेला लॉरेन्स आणि वायव्येला प्रिन्स्टन आहे.

उत्तर ३ — जुना_रहिवासी

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. मात्र एका वर्षाचा आकडा देऊन थांबू नका, कारण या गावाची खरी कहाणी वाढीच्या वेगात आहे. १९६० मध्ये वेस्ट विंडसरमध्ये ४,०१६ लोक होते, १९७० मध्ये ६,४३१ आणि १९८० मध्ये ८,५४२. त्यानंतरच्या दहा वर्षांत ही संख्या जवळजवळ दुप्पट होऊन १६,०२१ झाली. २००० मध्ये ती २१,९०७ होती आणि २०२० मध्ये २९,५१८. २०१० ते २०२० या दशकात वाढ नऊ टक्क्यांहूनही कमी राहिली.

वाढीमागे दोन समांतर रेषा आहेत: रेल्वे आणि रूट १ हा महामार्ग. रेल्वेमार्ग पूर्वी कालव्याच्या कडेने जात असे. १८६० च्या दशकात तो आजच्या जागी आणला गेला आणि प्रिन्स्टनला जोडणारा सुमारे पावणेतीन मैलांचा फाटा तिथून निघाला. त्या सांध्यामुळेच स्थानकाला आणि वस्तीला नाव मिळाले. तरीही पुढची शंभर वर्षे टाउनशिप मुख्यतः शेतीचीच राहिली. डच नेक, पेन्स नेक, पोर्ट मर्सर, एडिनबर्ग, ग्रोव्हर्स मिल ही तिच्यातील जुनी खेडी. यांपैकी ग्रोव्हर्स मिल येथे मंगळावरचे लोक उतरल्याचे १९३८ मधील एका रेडिओ नाटकात दाखवले होते, एवढा उल्लेख तुमच्या लेखाला पुरे.

पेन्स नेकवर मात्र जास्त लिहा. आरसीए या रेडिओ व दूरचित्रवाणी क्षेत्रातील अमेरिकी कंपनीची प्रयोगशाळा तिथे १९४२ मध्ये सुरू झाली, आणि रंगीत दूरचित्रवाणी व द्रवस्फटिक (एलसीडी) पडदा यांवरचे पायाभूत काम तिथे झाले. जगभर ती प्रिन्स्टनची प्रयोगशाळा म्हणून ओळखली गेली, पण जमीन वेस्ट विंडसरची होती. रूट १ च्या कडेने संशोधन संस्था व कार्यालये वाढत गेली, न्यूयॉर्कला थेट गाडी होतीच, आणि १९६९ मध्ये प्लेन्सबरोबरोबर संयुक्त शाळा जिल्हा स्थापन झाला. नोकरी, गाडी आणि शाळा यांचा हा मेळच भारतातून आलेल्या अभियंत्यांना व संशोधकांना इथे घर घेण्यासाठी पुरेसा ठरला, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

स्मरणिका_संपादन

तिघांचेही मनःपूर्वक आभार. लेखाचा विषय वेस्ट विंडसर हाच ठेवते आणि दर दहा वर्षांच्या आकड्यांचा तक्ताही देते. मराठी कुटुंबांच्या संख्येबद्दल कोणी काही सांगू शकेल का?

नकाशावाचक

तो आकडा जनगणनेतून मिळणार नाही. दर दहा वर्षांच्या जनगणनेत भाषा विचारतच नाहीत. भारतीय वंशाची नोंद होते, पण त्यात तेलुगू, गुजराती, तमिळ, मराठी असे सगळेच येतात. २०१० मध्ये टाउनशिपमधील एक-तृतीयांशाहून अधिक लोक आशियाई वंशाचे होते, इतके खात्रीने लिहिता येईल. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेची माहिती वेगळ्या नमुना पाहणीत घेतली जाते, मात्र तिच्या नेहमीच्या तक्त्यांत मराठीला नेपाळी आणि इतर भारतीय-आर्य भाषांबरोबर एकाच गटात ठेवले आहे. म्हणून त्या गटाचा आकडा ‘मराठी’ म्हणून कृपया छापू नका. त्याऐवजी मंडळाच्या सभासद-यादीतून वेस्ट विंडसरची कुटुंबे मोजा, पत्त्यातील गावाच्या नावावर न जाता कर कोणत्या टाउनशिपला भरता असे विचारा, आणि ती संख्या फक्त सभासदांची आहे हे तक्त्याखाली लिहा.