दोन वर्षांची इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी : पगार भागिले कर्ज, एवढ्यावर विषय संपतो का?

हिशेबनीस
इथे कालच एक सल्ला वाचला : "अमेरिकेत मुलांना चार वर्षांच्या कॉलेजात घालायची गरजच नाही. कॉलेज स्कोअरकार्डवर (कोर्सनुसार पगार आणि कर्ज दाखवणारी अमेरिकी सरकारची वेबसाइट) दोन वर्षांच्या इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीचा पगार बघा, कर्ज बघा, भागाकार करा, विषय संपला." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

तिथला कर्जाचा मीडियन (मधला आकडा) हा फक्त फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज घेऊन कोर्स पूर्ण केलेल्यांचा असतो. आई-वडिलांच्या नावावरचं पॅरेंट प्लस कर्ज त्यात नाही, बँकेचं खासगी कर्ज नाही, अर्धवट सोडून गेलेले तर नाहीतच. पगाराचा आकडा फेडरल मदत घेतलेल्यांचा, त्यातही त्या वर्षी नोकरी करणारे आणि शिकत नसलेले. म्हणजे जो पुढे बॅचलर्सला गेला, तो शिकतोय तोवर हिशेबातून बाहेर. शिवाय विद्यार्थी कमी असले की आकडा झाकतात, आणि या कोर्सच्या बॅचेस बहुधा लहानच असतात. कसला भागाकार करणार?

ओहमचा_नियम
मग काय, आकडे बघायचेच नाहीत? पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला फेडरल कर्ज मिळतं पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००. एकूण १२,०००. २०२४-२५ च्या ६.५३ टक्के दराने १० वर्षांसाठी हप्ता येतो महिना १३६ डॉलर. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची न फेडायची सरकारी मदत, पूर्ण बसली तर वर्षाला ७,३९५ डॉलर, त्यात बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांची फी निघून जाते. एवढ्या कर्जासाठी कुणी घाबरवत असेल तर ते चूक आहे.

हिशेबनीस
१३६ चा हप्ता डिग्री हातात आली तर परवडतो. न आली तर? सेमिस्टरचा ६० टक्के काळ व्हायच्या आत सगळे विषय सोडले, की 'न कमावलेली', म्हणजे उरलेल्या दिवसांच्या वाट्याची, मदत सरकारला परत जाते. कॉलेज तिचा आपला वाटा भरतं आणि तेवढं बिल विद्यार्थ्याच्या नावावर टाकतं. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ही रेघ नवव्या आठवड्याला पडते. पाचव्या आठवड्यात सोडणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. आणि नोकरी लागली म्हणून सेमिस्टरला ६ क्रेडिटच्या (अर्धवेळ शिक्षणाच्या) खाली आलं, की हप्ते सुरू होण्याआधीची सहा महिन्यांची सवलत तिथूनच मोजायला लागते. अनसबसिडाइज्ड भागावर, म्हणजे ज्याचं व्याज सरकार भरत नाही त्यावर, तर पैसे हातात पडल्यापासून व्याज चालू.

कॅल्क्युलस_आधी
तुम्ही दोघं कर्जावर भांडताय, खरा घात क्रेडिटमध्ये आहे. एएएस (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, थेट कामासाठी) आणि एएस (असोसिएट ऑफ सायन्स, पुढे बॅचलर्सला जाण्यासाठी) या दोन्ही दोन वर्षांच्या, पण वेगळ्या डिग्र्या आहेत हो! एएएसमध्ये टेक्निकल मॅथ, म्हणजे बीजगणित आणि त्रिकोणमिती, आणि बिनकॅल्क्युलसचं फिजिक्स. बीएस इंजिनिअरिंगला लागतात कॅल्क्युलसचे तीन कोर्स, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि कॅल्क्युलसवालं फिजिक्स. युनिव्हर्सिटी म्हणते "६० क्रेडिट स्वीकारली", घरी पेढे वाटले जातात, आणि ऑडिटमध्ये, म्हणजे डिग्रीसाठी काय झालं नि काय उरलं या तपासणीत, त्यातली निम्मी 'इलेक्टिव्ह' (ऐच्छिक) म्हणून पडलेली दिसतात. स्वीकारली म्हणजे डिग्रीला लागू झाली असं नाही. वर दोन-तीन सेमिस्टर वाढतात, त्यांचं कर्ज कुठल्या स्कोअरकार्डवर दिसतं?

ओहमचा_नियम
सगळ्यांनी इंजिनिअरच व्हायचं, हा आपल्या लोकांचा हट्ट! टेक्निशियनला कॅल्क्युलस कशाला? लाइन बंद पडलीय. प्रॉक्सिमिटी सेन्सरचा दिवा लागतोय, पण पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) इनपुट येत नाही. मीटर लावला, २४ व्होल्ट सप्लाय ठीक. कारण एवढंच, की सिंकिंग इनपुट कार्डला कुणीतरी पीएनपीऐवजी एनपीएन, म्हणजे उलट्या वायरिंगच्या जातीचा, सेन्सर लावलाय. हे पाच मिनिटांत ओळखणाऱ्याला कारखाना पगार देतो, इंटिग्रेशन बाय पार्ट्स येणाऱ्याला नाही.

कॅल्क्युलस_आधी
टेक्निशियनला कमी लेखलेलंच नाही, शब्द तोंडात घालू नका. मुद्दा एवढाच की दार कुठलं बंद होतंय ते आधी कळू द्या. एएएसनंतर सरळ वाट बीएसईटीची, म्हणजे इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीच्या बॅचलर्सची. ती एबेट या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या ईटीएसी शाखेकडून मान्यताप्राप्त असली, तरी पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्ससाठी प्रत्येक राज्य ती धरत नाही. अठरा वर्षांच्या पोराला हे माहीत असतं का?

व्हिसाग्रस्त
आणि एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी वर्क व्हिसावाल्यांच्या, मुलांचं काय? फेडरल कर्ज नाही, पेल नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असोसिएट (दोन वर्षांची डिग्री) केलं तर २४ महिन्यांचं स्टेम ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची वाढीव परवानगी, नाही, त्याला बॅचलर्स लागते. एच-१बीलाही साधारण तेच. या धाग्यातला एकही आकडा आमच्या घराला लागू नाही, आणि यावर कधी कुणी बोलत नाही.

हिशेबनीस
तुमचं खरं आहे. तुमच्यासाठी दोन वर्षांची डिग्री हा शेवट ठरूच शकत नाही, त्यामुळे एएएस टाळाच.

ओहमचा_नियम
ठीक आहे, एएएस की एएस हे प्रवेशाआधी विचारावं, एवढं मान्य. पण ज्याला थेट कामावर जायचंय त्याच्यासाठी १२,००० डॉलर हा सौदा वाईट नाही, यावरून मी हलणार नाही.

कॅल्क्युलस_आधी
हलू नका. फक्त ज्याला पुढे जायचं असेल त्याला एवढं सांगा : ट्रान्स्फरचा लेखी करार मागायचा, त्यावर युनिव्हर्सिटीचा विभाग, डिग्रीचं नाव आणि कॅटलॉगचं (डिग्रीचे नियम छापलेल्या पुस्तिकेचं) वर्ष बघायचं. "आमची मुलं नेहमी जातात" हे काउन्सेलरचं तोंडी आश्वासन ऑडिटमध्ये मोजत नाहीत.