‘डार्क व्हेसल’ला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठ:
मच्छीमार सोसायट्यांमध्ये वाटायच्या एका सूचनापत्रकाचं मराठीकरण चालू आहे. एआयएस म्हणजे बोटीची ओळख आणि जागा रेडिओवरून सांगणारा संच; तो बंद असलेल्या बोटीला इंग्रजीत ‘डार्क व्हेसल’ म्हणतात. आधी ‘अंधारी नौका’ लिहिलं होतं, मग ‘दडलेली नौका’ केलं. त्यावर हरकत आली की दडतो तो मुद्दाम, म्हणजे पत्रक वाचणारा तांडेल (बोटीचा म्होरक्या) आधीच चोर ठरला. नेमका शब्द कोणता? ‘स्पूफिंग’लाही (खोटी ओळख किंवा खोटी जागा दाखवण्याला) हवा आहे.

वल्हं:
हरकत रास्त आहे. एआयएस गप्प होण्याची कारणं बरेचदा अगदी साधी असतात. दिवे, वायरलेस आणि एआयएस एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. रात्रभर दिवे जळले की व्होल्टेज उतरतं आणि संच बंद पडतो. त्याहून जास्त छळतो तो अँटेनाचा जोड. खारं पाणी कनेक्टरमध्ये शिरतं, केबलमधली तांब्याची जाळी हिरवी पडते. संचाचा दिवा पेटलेला दिसतो, पण लहर बाहेर जात नाही. जोडावर आधी आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी आणि तिच्यावर साधी टेप, असं गुंडाळलं तर पाणी शिरत नाही. अशा बोटीला ‘दडलेली’ म्हणणं अन्याय आहे. ‘मुकी नौका’ म्हणा.

ध्वनिलहरी:
‘मुकी’सुद्धा दरवेळी खरं नाही. एआयएसच्या प्रत्येक चॅनेलवर एका मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले असतात. लहान बोटींवरचा साधा क्लास बी संच २ वॉटचा. तो आधी कानोसा घेतो आणि तुकडा रिकामा दिसला तरच बोलतो. मोठ्या जहाजांच्या गर्दीत त्याची पाळी हुकते. दुसरं अंतराचं. किनाऱ्यावरची अँटेना ६० मीटर उंच आणि बोटीवरची ४ मीटर धरली, तर पोहोच साधारण २१ सागरी मैल. ३० मैलांवरची बोट बोलत असते, मनोऱ्याला ऐकू जात नाही, एवढंच.

शब्दवेल:
मग ‘अबोल’ चालेल का? की त्यातही ‘अबोला धरला’चा हेतू डोकावतो? परिभाषा म्हणून ‘अप्रक्षेपी नौका’, म्हणजे लहर न सोडणारी, निर्दोष आहे. हेतूबद्दल काहीच बोलत नाही.

वल्हं:
निर्दोष आहे, पण धक्क्यावर कुणाच्या तोंडी बसणार नाही. व्हीएचएफ वायरलेसच्या १६ नंबर चॅनेलवर खरखरीत एक वाक्य जेमतेम कळतं. तिथे ‘अप्रक्षेपी’चं काय होईल? ‘एआयएस बंद बोट’ असं सरळ लिहा. कोळी बांधव तसंच म्हणतात.

शब्दवेल:
बोलीत जे चालतं तेवढंच लिहायचं ठरवलं असतं तर ‘दीपगृह’ आणि ‘तटरक्षक’ हे शब्दही रुळले नसते. नवा शब्द आधी परकाच वाटतो. तो वापरला तर आपला होतो.

खडप:
शब्द ठरवण्याआधी उदाहरणं लावून पाहू. ३१ जुलै २०११ला ‘पवित’ हे जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. ओमानजवळ खलाशांनी ते सोडलं होतं आणि पावसाळी वाऱ्यावर ते महिनाभर वाहत आलं. वीजच नाही, तर एआयएस कुठला चालणार? त्याला मुकं म्हणा, दडलेलं म्हणा, दोन्ही चूक. ते बेवारस होतं. उलट २००८ची ‘कुबेर’ घ्या, २६/११चे हल्लेखोर जिच्यातून आले ती. पोरबंदरची, नोंदलेली, आपलीच मासेमारी बोट. ती दडून आलीच नव्हती. ओळखीच्या रूपात आली, म्हणून कुणाला खटकली नाही. किनाऱ्याला खरा धोका या दुसऱ्या जातीचा आहे आणि त्याला मराठीत आयता शब्द आहे: तोतया.

खाडीकाठ:
‘तोतया नौका’ फार आवडलं. मग स्पूफिंगला ‘तोतयागिरी’ म्हणू?

ध्वनिलहरी:
अर्ध्याच स्पूफिंगला. ओळख खोटी असेल तर तोतया. म्हणजे संचात दुसऱ्याच बोटीचा एमएमएसआय, म्हणजे नऊ आकडी ओळख क्रमांक, भरलेला असतो (भारतीय असेल तर सुरुवात ४१९ने). दोन बोटी एकच नंबर सांगू लागल्या की पडद्यावरची रेघ टुणकन इकडून तिकडे उडते. जागा खोटी असेल तर प्रकार वेगळा. बाहेरून कुणीतरी खोटे जीपीएस संदेश सोडतं आणि तांडेलाचा स्वतःचा संचच फसतो. जून २०१७मध्ये काळ्या समुद्रातल्या जहाजांना आपण विमानतळावर असल्याचं दिसत होतं. २०१९मध्ये शांघायला जहाजांच्या जागा गोल गोल फिरताना उमटल्या. याला ‘चकवा’ म्हणा. चकवा लागलेला माणूसही त्याच जागी फिरत राहतो.

शब्दवेल:
चकवा म्हणजे भुताटकी. सरकारी पत्रकात अंधश्रद्धेचा शब्द नको.

वल्हं:
‘चकवणे’ तर आपण रोज म्हणतो, त्यात भूत कुठे आहे? शिवाय हा शब्द उपाय सुचवतो. जॅमिंगमध्ये, म्हणजे जीपीएसची लहरच दाबून टाकली तर, संच ‘जागा मिळत नाही’ असं तरी सांगतो. चकव्यात तो ठामपणे खोटं सांगतो. म्हणून होकायंत्र पाहा, पाणी किती वाव खोल आहे ते मोजा, दीपगृह आणि डोंगर एका रेघेत येतात का ते बघा. तिन्ही जुळले नाहीत तर पडद्यावर विश्वास ठेवू नका.

शब्दवेल:
एक वेगळाच मुद्दा. ‘तांडेल’ हा ‘तांडा’वरूनच आला असणार. तांड्याचा पुढारी.

खडप:
नाही. मलयाळमच्या ‘तण्डल’शी त्याचं नातं सांगतात. इंग्रजांचा ‘टिंडल’ही तिथलाच. ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’वरून, म्हणजे नावेचा धनी. ‘खलाशी’ अरबीकडून. परक्या शब्दांवाचून आपली होडी कधी हललीच नाही, तेव्हा ‘एआयएस’ला एवढं सोवळं कशाला?

शब्दवेल:
मग ‘तांडव’ही मलयाळम म्हणणार का? ‘तांडा’चा पक्ष मी सोडत नाही. आधार काढून लिहिते.

खाडीकाठ:
पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. ‘तोतया’ आणि ‘चकवा’ घेतले. ‘डार्क’ची जागा अजून कोरी आहे.

वल्हं:
‘एआयएस बंद’ लिहा. आणि शेजारी रबरी पट्टी गुंडाळण्याचं चित्र टाका.