मदत हवी आहे: त्रास काहीच नाही, तरी बाबांना तीन गोळ्या?

नमस्कार मंडळी. बाबा ६६ वर्षांचे, साताऱ्यात असतात. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येतात आणि आल्यावर दोन भाकऱ्या सहज जिरवतात. कॉलनीत तपासणी शिबिर होतं, स्वस्तात होतं म्हणून माझ्याच हट्टाने त्यांनी रक्त दिलं. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ५.९, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) ६.२, दोन्ही ठळक अक्षरांत, म्हणजे मर्यादेबाहेर. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायला गेलो तर तिथे बीपी १३६/८४ भरलं (जिना चढून गेल्या गेल्या मोजलं, हेही सांगते). पाच मिनिटांत शुगर, थायरॉईड, बीपी अशा तीन गोळ्या. "आता कायमच्या."

मी थोडं वाचलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली. जागतिक आरोग्य संघटना अजून १४०/९०च धरते. म्हणजे बाबा तिकडे पेशंट, इकडे ठणठणीत! एचबीए१सीचंही तसंच, मधुमेह ६.५ पासून. टीएसएच तर वयानुसार जरा वाढतंच म्हणे.

पण आजोबांना काहीच त्रास नव्हता आणि एका सकाळी अर्धांगवायू झाला. बीपी कधी मोजलंच नव्हतं. त्यामुळे "डॉक्टर लुटतात" एवढं म्हणून गप्प बसवत नाही.

घरी आठवडाभर बीपी मोजून, टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करून मग ठरवलं तर चालेल का? दुसरं मत फिजिशियनचं घ्यावं की एंडोक्रायनॉलॉजिस्टचं (हार्मोन्सच्या तज्ज्ञाचं)? आणि आमच्या डॉक्टरांना न दुखावता हे विचारायचं कसं? गोळ्यांचं पाकीट अजून न फोडता फ्रीजवर आहे, आई रोज विचारतेय.