घरचा नॅस: तयार घ्यावा की जुन्या पीसीवर उभारावा?

प्रश्न: फोटो-व्हिडिओ मिळून ३ टीबी डेटा आहे. दोन ड्राइव्हचा तयार नॅस (घरच्या नेटवर्कवरून फाइली देणारी साठवण पेटी) घेऊ, की पडून असलेल्या आय५ डेस्कटॉपवर ट्रूनॅस (पीसीचा नॅस बनवणारी प्रणाली) टाकू? रॅम ८ जीबी आहे.

उत्तर १: आधी विजेचा हिशोब करा. डेस्कटॉप सतत ४० वॅट खात असेल तर वर्षाला साधारण ३५० युनिट होतात. १५ वॅटच्या तयार नॅसला १३० च्या आसपास. ट्रूनॅसला ८ जीबी ही किमान गरज आहे. तेवढ्यात ओपनमीडियाव्हॉल्ट ही तशीच दुसरी प्रणाली जास्त सुखाने चालेल.

उत्तर २: काहीही घ्या, पण ड्राइव्ह सीएमआरच (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणाऱ्या) हव्यात, उदा. सीगेटच्या आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडीच्या रेड प्लस. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) ड्राइव्हवर सलग लेखन मंदावतं, मग बिघडलेली ड्राइव्ह बदलल्यावर रीबिल्ड (नव्या ड्राइव्हवर डेटा पुन्हा भरणं) रेंगाळतं आणि कधी अर्ध्यातच तुटतं. यूएसबी डॉकवर (यूएसबीने जोडायच्या ड्राइव्हच्या खोक्यावर) RAID, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र बांधून वापरणं, तर नकोच. जोडणी क्षणभर सुटली तरी ड्राइव्ह बाद धरली जाते.

उत्तर ३: ४ टीबीच्या दोन ड्राइव्ह मिरर केल्या (दोन्हींवर तोच डेटा ठेवला) तर हाती ३.६ टीबीच दिसतील, तुमच्या ३ टीबीनंतर फार जागा उरणार नाही, म्हणून ८ टीबीच्या घ्या. आणि कृपा करून मिररला बॅकअप समजू नका! चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. वेगळी यूएसबी ड्राइव्ह ठेवा, आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी झाली की काढून ठेवा.