विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्याने आधी कथा वाचावी की चित्रपट पाहावा?

धागालेखिका, सदाशिव पेठ

विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या काही महाविद्यालयीन मुलांनी गेल्या महिन्यात मला विचारले, ‘तुम्ही सध्या काय वाचता, काय पाहता, आणि आम्ही काय वाचावे?’ मी नावे दिली आणि सोबत एक अट घातली: ज्या कथेवर चित्रपट निघाला आहे, ती कथा आधी वाचावी आणि चित्रपट नंतर पाहावा. काहींना ही अट जाचक वाटली, म्हणून तिची कारणे येथे मांडते.

टेड चियांग यांची ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ ही १९९८ मधील दीर्घकथा मी सध्या चौथ्यांदा वाचते आहे. परग्रहवासीयांची भाषा शिकणारी एक भाषाशास्त्रज्ञ आपल्या मुलीला उद्देशून ही कथा सांगते, आणि ‘मला आठवते’ असे म्हणत पुढे घडायच्या गोष्टी सांगत जाते. हे मराठीत कसे उतरेल ते पाहावे म्हणून मी एक परिच्छेद लिहायला घेतला आणि तिथेच अडखळले. ‘तू गेलीस’ म्हणताच ऐकणारी मुलगी आहे हे कळते. ‘तू जाशील’ यात ते कळत नाही. आपल्या भाषेत भूतकाळ लिंग सांगतो आणि द्वितीय पुरुषी भविष्यकाळ ते झाकून ठेवतो, ही गोष्ट इतकी वर्षे लिहूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. पडद्यावर हा पेच उद्भवतच नाही, कारण तिथे मुलगी समोर दिसत असते.

या कथेचा कणा आहे तो फर्माचे तत्त्व. प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरताना कमीत कमी वेळ लागेल असा मार्ग घेतो, जणू कुठे पोहोचायचे हे त्याला निघतानाच ठाऊक असावे. चियांग यांनी परग्रहवासीयांची कालजाणीव या एका विचारावर उभी केली आहे. दनी व्हिलनव्ह यांच्या २०१६ च्या ‘अरायव्हल’ चित्रपटात तो जवळजवळ नाहीच. त्याहून मला खटकतो तो मुलीच्या मृत्यूतला बदल. कथेत ती २५ व्या वर्षी गिर्यारोहण करताना अपघातात जाते, तर चित्रपटात किशोरवयातच आजाराने. आजारापुढे आईचे काही चालत नाही, पण अपघात कदाचित एका शब्दाने टळला असता. तो शब्द आई का उच्चारत नाही, हाच कथेचा गाभा आहे. चित्रपट आधी पाहिलेला वाचक चित्रपटातलीच आई मनात धरून कथा वाचतो, आणि हा प्रश्न त्याला पडत नाही.

दुसरे पुस्तक स्तानिस्वाफ लेम यांची १९६१ मधील ‘सोलारिस’ ही कादंबरी. तिची कितीतरी पाने त्या ग्रहावरील महासागराचा अभ्यास करून थकलेल्या संशोधकांच्या ग्रंथांना, वादांना आणि वर्गीकरणांना दिलेली आहेत. नवोदिताने खरे शिकावे ते या पानांतून. तार्कोव्हस्की यांच्या १९७२ च्या चित्रपटात ती फारशी उरली नाहीत, आणि तो चित्रपट आपल्याला रुचला नाही हे लेम यांनी उघडपणे सांगितले होते.

प्रतिसाद, कोथरूड

आपले चियांग यांच्यावरील विवेचन मला पटले, पण त्यावरून काढलेला नियम पटला नाही. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ घ्या. लेखक आर्थर क्लार्क आणि दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी कथानक मिळून घडवले, आणि १९६८ मध्ये चित्रपट आधी आला, कादंबरी नंतर. चित्रपटातले यान गुरूकडे जाते आणि कादंबरीतले शनीकडे. मग मूळ कोणते मानायचे? तार्कोव्हस्की यांच्याच ‘स्टॉकर’ या चित्रपटाची पटकथा तर मूळ कादंबरीच्या लेखकांनी, स्त्रुगात्स्की बंधूंनी, स्वतःच लिहिली, आणि लिहिताना आपल्याच कादंबरीतले बहुतेक सारे बाजूला ठेवले. विद्यार्थिदशेत मी तो चित्रपट लॉ कॉलेज रस्त्यावरील चित्रपट संग्रहालयात पाहिला. ओले गवत, गंजलेले लोखंड आणि सावकाश चालणारी तीन माणसे, एवढ्यावर त्यात भय उभे राहते. न दाखवता भय कसे निर्माण करावे हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही, ते त्या अडीच-पावणेतीन तासांनी शिकवले. लेखकाला असे शिक्षण आधी मिळाले, तर त्यात त्याचे नुकसान कोणते?

प्रतिसाद, हडपसर

ताई, मी लेखक नाही, एका वाचणाऱ्या मुलाचा बाप आहे. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा माझा मुलगा लहान होता. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पाहिला, आणि त्यामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे हे कळल्यावर पुढच्याच आठवड्यात अप्पा बळवंत चौकातून धारपांची दोन पुस्तके घेऊन आला. त्याआधी त्याने स्वतःहून एकही मराठी पुस्तक उघडले नव्हते. तुमची अट त्याला लावली असती, तर तो धारपांपर्यंत पोहोचला नसता.

प्रतिसाद, औंध

मी लेखिकेच्या बाजूची आहे, पण यादीत मराठी नाव एकही नाही याचे मला वाईट वाटले. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, ती केवळ कथा म्हणून जोखली जावी यासाठी. याच पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था उभी करणाऱ्या माणसाच्या कथा इथल्या मुलांना आधी सांगायला नकोत का?

धागालेखिका

औंधच्या वाचकांचा आक्षेप पूर्णपणे मान्य. ‘यक्षांची देणगी’ हा नारळीकरांचा संग्रह आणि धारपांच्या कथा मी यादीत सर्वांत वर घालते.

‘२००१’चे बीज क्लार्क यांच्या १९५१ मध्ये छापून आलेल्या ‘द सेंटिनल’ या छोट्या कथेत आहे, आणि ती आधी वाचावी असे मी अजूनही म्हणेन. ‘स्टॉकर’बाबत मात्र मी माघार घेते. जिथे लेखकानेच आपली कृती पडद्यासाठी नव्याने लिहिली, तिथे दोन स्वतंत्र कृती झाल्या, आणि कोणतीही आधी घ्यावी.

हडपसरच्या गृहस्थांना एवढेच सांगते की माझी अट लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. आपल्या मुलाला ती लागू नाही. तो पुढे लिहू लागला, तर त्याने धारपांच्या ज्या कथेवर अजून चित्रपट निघालेला नाही अशी एखादी निवडावी, आणि त्यातला वाडा, जिना, अंधार स्वतः कागदावर रेखाटून पाहावा. चियांग यांची कथा मात्र त्याने ‘अरायव्हल’च्या आधीच वाचावी. त्या एका जागी मी हटणार नाही.