मदत हवी आहे : वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी दान करता येते का?

नमस्कार मंडळी,
मी गुहागरची. बेरियाट्रिक सर्जरीनंतर वजन भरपूर उतरलंय आणि आता एका जागी टिकलंय, शुगरच्या गोळ्याही बंद झाल्यात, पण पोटाची कातडी पार मांड्यांवर ओघळलीये. आपल्याकडची दमट हवा माहितीच आहे तुम्हाला, मे महिन्यात त्या वळीत घाम साचून नुसती आग आग होते, सकाळी सुती रुमालाची घडी आत ठेवली की दुपारी पिळून काढावी लागते. म्हणून मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घ्यायचं ठरलंय.

तर प्रश्न असा की काढलेली कातडी एरवी हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते आणि जाळून टाकतात, ती कुणा भाजलेल्या माणसाला देता येईल का? आमच्या वाडीतल्या एक काकू चुलीवर साडी पेटून भाजल्या होत्या, त्यांना स्किन बँकेतली, म्हणजे दुसऱ्या कुणी दान केलेली, त्वचा लावली होती. ती कायमची नसते, साधारण २-३ आठवड्यांनी शरीर ती टाकून देतं, पण तेवढे दिवस जखम झाकलेली राहते, अंगातलं पाणी झिरपत नाही, इन्फेक्शनचा धोका कमी होतो, आणि मुख्य म्हणजे ड्रेसिंगच्या वेळचं त्यांचं ओरडणं थांबलं हो. तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

सायन हॉस्पिटल आणि ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर इथे स्किन बँक आहे हे माहितीये, पण जिथे वाचावं तिथे मरणोत्तर दानाचंच, ६ तासांच्या आत कळवा वगैरे. जिवंत माणसाने दिलेली घेतात का? आधी सर्जनशी बोलू की बँकेशी? ह्यांचा आणि सासूबाईंचा पाठिंबा आहे, तो प्रश्न नाही.

प्रतिसाद १
ताई, विचार फार चांगला आहे. मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते म्हणून सांगते, ऑपरेशन झाल्यावर विचारून काही उपयोग नाही, तारीख ठरायच्या आधीच सर्जन आणि बँक यांचं आपसात बोलणं व्हायला हवं. बँकेला त्वचेचा फक्त वरचा पातळ थर लागतो, तो डर्माटोम नावाच्या मशीनने काढतात, आणि पोटाची कातडी निघते ती चरबीसकट, म्हणजे तो थर कोण आणि कुठे काढणार हे आधी ठरलं पाहिजे. परदेशात काही ठिकाणी अशी त्वचा वापरलीये. रक्तगट जुळवावा लागत नाही, पण एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, सिफिलिस या टेस्ट होतात. वळीत बुरशी किंवा पुरळ असेल तर तो भाग चालणार नाही, त्यामुळे आत्तापासून डॉक्टरांना दाखवून औषध सुरू करा.

धागाकर्ती
खूप आभार गं. पुरळ आहे थोडं, उद्याच दाखवते, आणि दोन्ही बँकांना फोन करते. कुणी स्वतः असं दान केलं असेल तर प्लीज लिहा, संमतीचा फॉर्म कुठे भरला तेही सांगा.