फॅनफिकमधला रोमान्स: वर टॅग टाकला की लेखिकेचं काम संपलं का?

रानजाई
सध्या ‘इस प्यार को क्या नाम दूं’च्या फॅनफिक्स, म्हणजे चाहत्यांनी त्याच पात्रांवर लिहिलेल्या कथा, परत वाचायला घेतल्यात. ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, २०११-१२ ला स्टार प्लसवर लागायची, अर्णव गैरसमजातून खुशीला धमकावतो की तुझ्या बहिणीचं लग्न होऊ देणार नाही, आणि देवळात नेऊन सहा महिन्यांच्या करारावर तिच्याशी लग्न करतो, मग पुढे दोघांचं प्रेम वगैरे. मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी त्या सहा महिन्यांवर अजून लिहिलं जातंय आणि मी अजून वाचतेय, म्हणजे माझं या जोडीवर प्रेम आहे हे आधीच सांगते.

पण एक सीन इतक्या फिक्समध्ये येतो की आता सहन होत नाही. ती म्हणते “सोडा मला”, तो अजून जवळ ओढतो, तिचा श्वास अडकतो, डोळे मिटतात, चॅप्टर संपला. खाली कमेंट्समध्ये नुसते हार्ट्स. आणि वर टॅग, म्हणजे कथा कशी आहे ते सांगणारी लेखिकेची चिठ्ठी, काय तर फ्लफ (गोड, हलकंफुलकं), स्लो बर्न (हळूहळू फुलणारं प्रेम)! तिने स्वच्छ “सोडा” म्हटलेलं त्याने ऐकलं नाही आणि लेखिकेनेही ऐकलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तिची मर्जी सीनच्या आत दिसली पाहिजे. शब्दात दिसो, नजरेत दिसो, तिने स्वतः पुढे केलेल्या हातात दिसो, पण दिसू दे. पटतंय का कोणाला?

निशाचर
नाही पटत. फिक ही कल्पनेची जागा आहे, संस्कारवर्ग नाही. प्रत्यक्षात जे कधीच नको असेल ते वाचायला आवडू शकतं, त्यात वाचणाऱ्या बाईची काही चूक नाही. आणि एओथ्रीने, म्हणजे फॅनफिक्सच्या त्या मोठ्या साइटने, हा प्रश्न कधीच सोडवलाय, चार मोठ्या वॉर्निंग्ज आहेत, त्यात बलात्कार आणि नॉन-कॉनची (संमतीच नाही) एक वेगळी आहेच, शिवाय डब-कॉनसारखे (संमती संदिग्ध) टॅग लोक स्वतः टाकतात. वाचून दार उघडायचं की नाही ते वाचकाने ठरवायचं. कन्सेंट म्हणाल तर तो वाचकाचा, आणि तो तिथे घेतला जातो.

दुसरं म्हणजे हे “असं लिहू नका” कुठे जाऊन थांबतं ते फॅन्डमने, म्हणजे चाहत्यांच्या जगाने, बघितलंय. २००२ ला फॅनफिक्शन डॉट नेटने प्रौढांसाठीचं सगळं लिखाण काढून टाकलं. २००७ ला लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटने शेकड्यांनी अकाउंट्स बंद केली, त्यात फिकच्या कम्युनिटीज गेल्याच पण अत्याचारातून बाहेर पडलेल्या लोकांचे आधारगटसुद्धा गेले. एओथ्री उभं राहिलं त्यामागे हा राग आहे. स्वतःवर बेतलेलं कागदावर काढणाऱ्या कितीतरी जणी डार्क फिकच लिहितात, त्यांना तुम्ही काय सांगणार?

रानजाई
@निशाचर, त्यांना काहीच सांगणार नाही. काढून टाका असं मी कुठे म्हटलंय? उलट डब-कॉन टॅग टाकणारीचा मला आदर वाटतो, आपण काय लिहिलंय हे तिला पक्कं माहीत असतं. माझी तक्रार आहे ती जिला माहीतच नाही तिच्याबद्दल, जी जबरदस्ती लिहिते आणि वर फ्लफ म्हणते. तुमची ती टॅगची व्यवस्था लेखिकेने सीन ओळखला तरच चालते ना, नाहीतर वाचकाने कशाला होकार दिला? आणि एओथ्रीवर तर वॉर्निंग द्यायची नाही असाही एक पर्याय आहेच. तो निवडला असेल तर निदान काहीही असू शकतं हे कळतं, फ्लफ लिहिल्यावर तेही कळत नाही.

सातारकर
मी पुरुष आहे आणि हे सगळं वाचतो, बायकोमुळे लागलेली सवय. मला ताईंचा मुद्दा समजतो पण लिहिताना ते फार कृत्रिम होतं हो. मध्येच हिरो थांबून “तुझी परवानगी आहे का” असं विचारतो, सगळा माहोल गेला. आपल्याकडे माणसं अशी बोलत नाहीत. आपल्या घरातल्या जुन्या जोड्यांनी एकमेकांना कधी काय विचारलं असेल, सगळं न बोलता कळायचं. लाजून “नको ना” म्हणणं हेही प्रेमातलंच असतं, त्याला लगेच जबरदस्तीच्या खात्यात टाकू नका.

वकीलबाई
सातारकर, “न बोलता कळायचं” हे कळायचं कोणाला आणि कोणाच्या सोयीने, हे एकदा त्या जुन्या जोड्यांमधल्या बायकांना विचारून बघा.

इथे थोडं कायद्याचं लिहिते कारण हा मुद्दा आपल्याच मातीतला आहे. १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला, मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखतात. १९७८ ला सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं आणि त्यात एक मोठं कारण हे की अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नसणार. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ ला कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीत तर स्पष्टच लिहिलं गेलं की होकार म्हणजे शब्दांतून, हावभावातून किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकारे स्वेच्छेने दिलेली निःसंदिग्ध संमती, आणि नुसता शारीरिक विरोध केला नाही म्हणून ती संमती ठरत नाही. हावभाव चालतात हे नीट बघा. म्हणजे सातारकरांना भीती वाटते तसा प्रत्येक चुंबनाआधी अर्ज भरायला कायदासुद्धा सांगत नाही. गोठून जाणं मात्र होकार नाही. फिक्समधलं ते “श्वास अडकला, डोळे मिटले” पुष्कळदा मला गोठणंच वाटतं.

आणि नवऱ्याला अजून सूट आहेच, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तरी कलम ६३ मधला तो अपवाद तसाच राहिला. लग्न लागलंय म्हणजे विचारायची गरज नाही हे आपल्या हाडात किती मुरलंय ते या जबरदस्तीच्या लग्नाच्या गोष्टींमध्ये सगळ्यात जास्त दिसतं.

निशाचर
वकीलबाई, माहिती चांगली आहे पण कोर्टाचं मोजमाप कथेला का लावायचं? कथेत मला तिच्या मनात शिरता येतं, ती “सोडा” म्हणते आणि पुढच्याच ओळीत लेखिका लिहिते की त्याने सोडू नये असं तिला वाटत होतं. वाचकाला तिची इच्छा माहीत आहे. मग अडचण कुठे?

मोगरा
अडचण अशी की वाचकाला माहीत आहे, त्याला नाही! तो मनातलं वाचत नाहीये, तो नकार ऐकून पुढे जातोय, नशिबाने तिलाही तेच हवं होतं एवढंच. मी स्वतः या जोडीवर लिहिते म्हणून बोलते.

पण रानजाई, तुझंही मला अर्धंच पटतं. तू फक्त खोलीतल्या सीनकडे बघतेस. तो ट्रोप (नेहमीचा ठरलेला साचा) आठव, हिरो सोफ्यावर झोपतो, महिनोन्‌महिने हात लावत नाही, आणि कमेंट्समध्ये सगळ्या “किती जंटलमन!” अगं, करार अजून चालू आहे, बहिणीचा संसार अजून त्याच्याच घरात आहे, ही “नाही” म्हणाली तर काय होईल या भीतीतच राहतेय. अशा वेळी त्याने शंभरदा प्रेमाने विचारलं आणि तिने हसून “हो” म्हटलं तरी त्या “हो”ला वजन कुठलं? नकार देता आला असता तर होकार खरा.

म्हणून मी माझ्या फिकमध्ये पहिल्या रोमँटिक सीनच्या आधी एक पूर्ण चॅप्टर घालवला. तो कराराचा कागद तिच्या हातात देतो, तिच्या बहिणीच्या, पायलच्या, लग्नाला काही होणार नाही हे खुशीच्या आत्यासमोर, बुआजींसमोर बोलतो, आणि तिला माहेरी सोडून येतो. मग ती तीन आठवडे येतच नाही. परत येते ती स्वतः रिक्षा करून, आणि दारात पहिलं भांडते. त्यानंतर मला कुठेही परवानगीचं वाक्य लिहावं लागलं नाही. तो म्हणतो “लाइट घालवू?” ती म्हणते “राहू दे.” पुढे एकदा ती बोलता बोलता गप्प होते तर तो हात काढून घेतो आणि नुसता बसून राहतो, मग तीच विचारते “काय झालं, थांबलात का?” वाचणाऱ्या म्हणाल्या हाच सीन सगळ्यात जास्त रोमँटिक झालाय.

सातारकर
“लाइट घालवू” आवडलं. असं असेल तर माझी काही हरकत नाही, मला वाटलं भाषण ठोकायचंय. लाजण्याचं मात्र मी सोडत नाही, लाजणारी नायिका लिहायचीच नाही का मग?

मोगरा
लिहा की! लाजून पदराआड जाते आणि पदराआडून त्याचा हात ओढते, काय बिघडलं? लाजणारी बाई कुठे बघते, कुठे सरकते हे लिहा. लांब सरकत असेल तर ते लाजणं नाही, एवढं कळलं की झालं.

निशाचर
मोगरा, तुमचं फिक वाचणार. पण ती एक वाट झाली, एकमेव नाही. मला अर्णव कराराचा कागद परत न देणारा, वाईटच राहणारा पण हवाय कधी कधी, आणि तो लिहिणारीच्या खाली कोणी “लाज नाही वाटत का” असं टाकलं तर मी भांडणार.

रानजाई
भांड, मी तुझ्या बाजूने येईन. टॅग लावलेल्या फिकखाली मी असलं कधी लिहिणार नाही. मोगराचं करारावरचं म्हणणं मात्र मला पूर्ण पटलं, सोफावाल्या फिक्स आता त्या नजरेने परत वाचणार. पण जिथे ती “सोडा” म्हणते आणि वर फ्लफ लिहिलंय, तिथे मी कमेंट करणार, नीट शब्दात, कुठली ओळ आहे ते दाखवून, की एकतर टॅग बदल किंवा त्याला थांबव. लेखिकेने नाही ऐकलं तर तिची मर्जी.